भावकाईच्या राईची सुनावणी

आमच्या हिरडेवाडीत परकं माणूस आलं की लोक आधी त्याच्या पायांकडं बघतात. बूट असले तर जंगल खात्याचा गार्ड, कोल्हापुरी पायताण असलं तर पुढारी, साधी चप्पल असली तर मास्तर. चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर पट्टणशेट्टी मॅडम गावात आल्या त्या सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. हे कशात मोडतं ते गावाला कळेना, म्हणून गावानं त्यांना सरळ सीआयडी ठरवलं.

त्यांना घेऊन आले होते मी. त्यामुळं अर्धी सीआयडी मी.

मी अंबू. हिरडेवाडी माझं माहेर, खानापूरच्या पश्चिमेला जंगलाच्या अंगाला. सासर पिरनवाडीचं, आणि तिकडंच एका मराठी शाळेत मी शिकवते. शाळा मराठी असली तरी पगार कर्नाटक सरकारचा. माझ्या वडिलांच्या, भरमूआप्पांच्या, मनात ही गोष्ट कायम सलायची. आप्पा सीमा सत्याग्रहात दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. आपला मराठी मुलूख महाराष्ट्रात जाणारच, ह्याबद्दल त्यांना सूर्य उगवण्याइतकी खात्री होती. बैलबाजारात ते असं कन्नड बोलायचे की समोरचा व्यापारी किंमत उतरवायचा. पण सरकारी कचेरीत पाऊल टाकलं की तोंडातून कन्नडचा एक शब्द नाही. पत्ता लिहिताना गाव, तालुका, जिल्हा लिहायचे आणि थांबायचे. राज्य विचारलं तर म्हणायचे, "ते अजून ठरायचं हाय."

गावाच्या वरच्या अंगाला भावकाईची राई आहे. दहा-बारा एकरांचं जुनं रान. हिरडे, जांभळी, मांडीएवढ्या जाड वेली, आणि आत भर दुपारीही संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. मधोमध देवीचं दगडी ठाणं आणि तिच्या पायाशी झरा. खालची सगळी भातशेती त्या पाण्यावर. राईतली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी नेत नाही आणि पायताण बाहेर काढल्याशिवाय आत शिरत नाही. राखणीचा मान आमच्या घराकडं, आजा-पणज्यापासून.

त्या वर्षी दसरा झाल्यावर राईतल्या झाडांच्या बुंध्यांवर पांढरे आकडे दिसायला लागले. कुणी रंगवले, कधी रंगवले, कुणाला पत्ता नाही. मग काय, गावाच्या डोक्याला खाद्यच मिळालं. कुणी म्हणालं, धरण होणार. कुणी म्हणालं, लष्कराची छावणी. सीमा चळवळीच्या गावातल्या समितीचे अध्यक्ष रवळू पाटील म्हणाले, "कन्नड वसाहत बसवणार आपल्या उरावर. बघाच तुमी." ह्यावर मात्र सगळ्यांचा विश्वास बसला, कारण ह्यात सगळ्यात जास्त कट होता.

खरं काय ते मला बेळगावात कळलं. शिक्षकांच्या एका शिबिरात झाडांविषयी बोलायला कॉलेजच्या पट्टणशेट्टी मॅडम आल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या की सरकार जुनी रानं 'निकामी जंगल' ठरवून तोडतंय आणि त्या जागी कारखान्यांसाठी नीलगिरी लावतंय. खानापूरकडच्या यादीत त्यांनी आमच्या गावाचं नाव घेतलं आणि बुंध्यांवरच्या आकड्यांचा अर्थ मला लागला. हरकती घ्यायला मुदत होती, नंतर बेळगावात सुनावणी. मी त्यांना म्हटलं, मॅडम, तुम्हीच गावात येऊन सांगा, माझं माहेरात कोण ऐकतंय!

सकाळी मॅडम राई हिंडून आल्या आणि दुपारी चावडीत सगळी पुरुषमंडळी जमली. मॅडमनी कन्नड वळणाच्या मराठीत सगळं सांगितलं: नीलगिरी कशी पाणी ओढते, जुनं रान गेलं की झरा कसा आटतो. लोक ऐकत होते, पण त्यांच्या बुटांकडं बघत ऐकत होते.

रवळू पाटलांनी विचारलं, "बाई, तुमचं गाव कंचं?"

"धारवाड."

म्हणजे पक्का कन्नड मुलूख.

"धारवाडच्या बाईला आमच्या राईचा एवढा पुळका कशापायी म्हणं?"

दुसरी कुणी असती तर गोड बोलून वेळ मारून नेली असती. पण मॅडम पडल्या फटकळ. म्हणाल्या, "मला तुमचा पुळका नाही. तुमच्या राईत एक वेल आहे. तशी मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. ती जाऊ नये म्हणून मी बोलतेय."

मी कपाळाला हात लावला. झालं! आता ही बाई सीआयडी तर होतीच, वर वेल चोरायला आलेली ठरली.

त्यात त्यांनी पिशवीतून हरकतीचा अर्ज काढला, तो कन्नडमध्ये. सगळे असे मागं सरकले, जणू पिशवीतून साप निघाला. आमच्याकडं हे काही नुसतं वेड नाही. शिरगणतीला येणारे लोक भलतीच भाषा लिहून नेतात, ह्याचा धसका प्रत्येक घरानं घेतलेला. कन्नड कागदावर अंगठा म्हणजे विषाची परीक्षा.

आप्पा उठले. राईसाठी त्यांचा जीव तुटत होता, ते मला दिसत होतं. ते म्हणाले, "बाई, तुमी सांगता त्ये खरं आसंल. पर अर्ज बेंगळूरला करायचा म्हंजे आमी त्येंचं हाय हे कबूल करायचं. उद्या कोर्टात ह्योच कागद आमच्याच तोंडावर मारतील."

"मग अर्ज करणार कुणाला?" मॅडमनी विचारलं.

"मुंबईला," रवळू पाटील म्हणाले, आणि चावडीत टाळ्या पडल्या.

खरं सांगते, माझं डोकंच फिरलं. मी मागून ओरडले, "आप्पा, झाडं हितली, कुऱ्हाडी हितल्या, आन मुंबईवाला कुऱ्हाड कशी धरणार?"

आप्पांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "तू पगार खातीस त्येंचा. तू बोलू नगं."

मुंबईचा अर्ज मात्र फार सुरेख झाला. तीन संध्याकाळी घालवून लिहिला, त्यात शिवछत्रपती आले, सत्याग्रह आला, देवी आली, आणि शेवटी कुठंतरी झाडंही आली. सगळ्या गावानं सह्या केल्या. ज्यांना येत नव्हत्या त्यांनी आनंदानं अंगठे उठवले. मॅडम बसमध्ये चढताना मला एवढंच म्हणाल्या, "सुनावणीला निदान एक माणूस पाठव. कागद नको तर नको, तोंडानं सांगितलं तरी चालतं."

पौष लागता लागता मुंबईचं उत्तर आलं. मी त्या दिवशी माहेरीच होते. चावडीत पाटावर शाल अंथरून त्यावर पाकीट ठेवलं, पाकिटाला झेंडूचा हार घातला आणि रवळू पाटलांनी खणखणीत आवाजात वाचलं. सीमाबांधवांच्या भावना पोचल्या होत्या. शासन त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभं होतं. मधल्या एका वाक्यात, विषय शेजारच्या राज्याच्या अखत्यारीतला असल्यानं कारवाई करता येत नाही, असं होतं. ते वाक्य पाटलांनी खोकल्यात घालवलं आणि पाठीशी उभं असल्याचं दोनदा वाचलं. लोकांचे डोळे भरून आले. मुंबईहून आलेलं, मराठीत टाईप केलेलं, आणि पहिला शब्द 'सप्रेम'!

माझी आई गुणाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "म्हंजे राई ऱ्हाती का जाती?"

पाटलांनी पेढे वाटायला घेतले.

त्यानंतरच्या आठवड्यात ठेकेदाराची माणसं आली आणि त्यांनी राईच्या कडेचा एक हिरडा पाडला. बहुतेक नुसता अंदाज घ्यायला, गाव काय करतंय ते बघायला. गावानं ठराव केला. निषेधाचा, मराठीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं आप्पा पिरनवाडीत माझ्या दारात हजर. सांगावा नाही, काही नाही. धोतराला चिखल, डोळे तांबडे. पाणी दिलं ते हातातच धरून बसले. मग म्हणाले, "ती बाई म्हणलती ती सुनावणी कवा हाय गं?"

"उद्या," मी म्हटलं.

"तुला रजा मिळंल?"

"टाकते रजा," मी म्हटलं.

"तुज्या आयला सांगितलं न्हाय," ते म्हणाले. "गावाला तर न्हायच. हिरडा पडला तवा मी वरच होतो अंबू. ढोली फुटली, तिच्यातनं पाकोळ्या उडाल्या, लई. आन पाटील म्हणतो फोटो काडा, मुंबईला धाडू." आप्पांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं आणि मला पाटलांचा, मुंबईचा, बेंगळूरचा, सगळ्यांचा सारखाच राग आला.

सुनावणी बेळगावात एका कचेरीच्या माडीवर होती. मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. दाराशी बाकावर साध्या कपड्यातला एक माणूस वर्तमानपत्र वाचत होता. त्याच्या पायात पोलिसी बूट होते. म्हणजे संशय ही काही एकट्या आमच्या गावाची मक्तेदारी नव्हती.

साहेब पन्नाशीचे, चष्मेवाले, बोलायला अगदी मऊ. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली, समोरची फाईल चाळली आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "भरमू गावडे. सीमेच्या चळवळीत दोनदा आत. आता एकदम झाडांची आठवण कशी झाली तुम्हाला?"

"झाडं आमच्या आज्यापास्नं हाईत, सायेब."

"ते ठीक. पण पाठवलं कुणी? ह्या झाडांच्या आडून काय काढायचंय समितीला?"

"समितीनं धाडलं न्हाय. समितीला कळलं तर मला गावात ऱ्हाऊ द्यायची न्हाय."

साहेबांनी मॅडमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. विश्वास बसला नसावा. मग म्हणाले, "मला मराठी समजतं. पण जबानी नोंदवायची ती कन्नडमध्ये. येतं तुम्हाला?"

मॅडम पुढं सरसावल्या, "मी सांगते त्यांच्या वतीनं."

"तुमची हरकत वेगळी नोंदवलीय मॅडम. गावकऱ्याची गावकऱ्यानंच सांगायची."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कन्नडमध्ये बोलायला लागले. कचेरीत! बाजारातलं ठसकेबाज कन्नड नव्हतं ते. हळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलत होते. झरा कुठून निघतो, कुणाकुणाच्या शेतातून जातो, पलीकडच्या डोंगरावर नीलगिरी लावल्यावर तिथल्या विहिरींचं काय झालं. साहेब मधूनच काही विचारत, आप्पा सांगत. कारकून लिहीत होता.

सगळं झाल्यावर कारकुनानं नाव घेतलं, वय घेतलं. गाव? हिरडेवाडी. तालुका? खानापूर. जिल्हा? बेळगाव.

"राज्य?"

आप्पा थांबले.

कारकुनानं पुन्हा विचारलं. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. घाई नव्हती त्यांना. "राज्य सांगा, गावडे," ते म्हणाले. "नाहीतर बाहेरच्या माणसाची हरकत मला घेता येणार नाही."

आप्पांनी मांडीवरची टोपी हातात घेतली. मला वाटलं उठतील. उठले असते तर मी अडवलं नसतं.

"कर्नाटक," आप्पा म्हणाले.

"जरा मोठ्यानं. कारकुनाला ऐकू आलं नाही."

कारकून दोन हातांवर बसला होता. त्याला नक्की ऐकू गेलं होतं.

"कर्नाटक राज्य," आप्पा म्हणाले, आणि सही केली. मराठीत केली. साहेबांनी तेवढी चालवून घेतली.

बसस्टँडवर मी चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. एवढंच म्हणाले, "गावात बोलू नगंस."

मी कशाला बोलते! पण आम्ही गावात पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. कुणी नेली, आजतागायत कळलं नाही. बाकावरचा तो बूटवाला असेल, कारकून असेल, नाहीतर रवळू पाटलांनी कुणाला तरी मागावर ठेवलं असेल. मी अजूनही ह्या तिघांवर आळीपाळीनं संशय घेते.

महिन्याभरात हुकूम निघाला. समोरच्या उघड्या टेकडीवर नीलगिरी लागणार, भावकाईची राई वगळली. मॅडमच्या वेलीमुळं, आप्पांच्या जबानीमुळं की साहेबाच्या मनात आलं म्हणून, ते सरकारलाच ठाऊक. मी धावतपळत माहेरी गेले. वाटलं, गाव आप्पांना डोक्यावर घेऊन नाचत असेल.

आमच्या अंगणात कुणी नव्हतं. आई एकटीच भात निवडत बसली होती.

गावाचा हिशोब सरळ होता. सरकार फुकट काही देत नाही, आणि त्यातून कर्नाटक सरकार मराठी माणसाला? मग भरमूनं काय दिलं? कुणी म्हणालं, त्याला पंप मिळणार. कुणी म्हणालं, पोरीला हेडमास्तरीण करणार. कुणी म्हणालं, त्यानं सबंध गावाचं कन्नडमध्ये लिहून दिलं. रवळू पाटील चावडीत म्हणाले, "राई ऱ्हायली, पर भरमूनं गाव इकला." हे वाक्य लोकांना इतकं आवडलं की आठ दिवस तेच सगळ्यांच्या तोंडी. समितीनं आप्पांचं नाव काढलं. दोनदा तुरुंगात गेलेला माणूस रस्त्यानं चालला की पोरं मागून "कर्नाटक राज्य" म्हणून ओरडायची.

आणि हे सगळं बोलणारे रोज त्याच झऱ्याचं पाणी आपापल्या वाफ्यात वळवत होते. मला चावडीत जाऊन एकेकाला विचारायचं होतं. आप्पांनी जाऊ दिलं नाही. "त्येंचं चुकलं न्हाय," म्हणाले. "मी बी त्येंच्या जागी हेच म्हणलो असतो." त्यांचा हा समजूतदारपणा मला अजिबात पटला नाही.

माघी पुनवेला राईत भावकाईला गाऱ्हाणं घालतात. राखणदार ठाण्यापुढं उभा राहून गावाच्या वतीनं एकेक मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला गडीमाणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. तो होकार आल्याशिवाय मागणं देवीपर्यंत पोचत नाही, अशी समजूत. बायका मागं उभ्या राहतात, बोलत नाहीत. मला वाटलं होतं, आप्पांचा मान काढून घेतील. पण देवीच्या घरच्या मानाला हात लावायची छाती पाटलांचीही नव्हती.

आप्पांनी नारळ ठेवला, हात जोडले. "माये भावकाई, तुज्या ह्या राईला कुराडीची नजर लागू नये."

कुणी बोललं नाही. आप्पा थोडे थांबले.

"तुज्या पायाचा झरा आटू नये."

गडीमाणसं अनवाणी पायांकडं बघत उभी होती. पण आप्पा थांबले नाहीत. राईचं मागून झालं तसं घरांचं मागायला लागले, रिवाजाप्रमाणं एकेक नाव घेऊन.

"रवळू पाटलाच्या घरादाराला, गुरावासराला सुखी ठेव."

पाटलांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. पाटील इकडंतिकडं बघायला लागले. कुणीच बोलेना. शेवटी स्वतःच पुटपुटले, "व्हय म्हाराजा."

मग प्रत्येकाचं तेच. भावकूचं घर आलं, भावकू म्हणाला व्हय. मष्णूचं आलं, मष्णू म्हणाला. राईसाठी एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नव्हता, आपापल्या घराला मात्र सगळ्यांना कंठ फुटला. मला हसू यावं का रडू, तेच कळेना. आप्पांनी एकही घर सोडलं नाही.

शेवटचं घर राखणदाराचं. राखणदार आपल्या घराचं नाव आपण घेत नाही. ते पाटलानं घ्यायचं असतं. आप्पा हात जोडून थांबले. पाटलांनी नारळाचे तुकडे करायला घेतले. लोक तांब्या भरायला झऱ्याकडं वळले. ते पाणी घरी नेऊन शेतात शिंपडतात. एकामागून एक तांब्या भरला जात होता आणि आप्पा ठाण्यापुढं तसेच उभे होते, डोळे मिटून, वाट बघत.

तेव्हा माझी आई बायकांतून बाहेर पडली. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव तोंडात घेत नाही. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तरी आई मला पुढं करायची; सबंध संसारात ते नाव तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. ती गडीमाणसांतून वाट काढत पुढं गेली, आप्पांच्या शेजारी उभी राहिली आणि झऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माये भावकाई, भरमू गावड्याच्या घराला सुखी ठेव."

तांब्या धरलेले हात जागच्या जागी थांबले. आप्पांनी डोळे उघडून तिच्याकडं बघितलं.

मी मागून म्हणाले, "व्हय म्हाराजा."